जटिल लिपिडांची रचना कशी वाचायची: कार्बनची जागा, डोकं आणि पटलाची बाजू

एमएस्सी जीवरसायनाच्या विद्यार्थ्यांकडून हे प्रश्न वारंवार येतात. फॉस्फोलिपिड, स्फिंगोलिपिड, ग्लायकोलिपिड यांचे तक्ते पाठ होतात, पण पेशीला इतकी वेगवेगळी लिपिडं लागतात कशाला? रचनेवरून काम कसं ओळखायचं? आणि प्रयोगशाळेत ती काढायला गेलं की हाती भलतंच का येतं? तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच धाग्याने देता येतं. जटिल लिपिडात कोणता तुकडा कोणत्या कार्बनवर बसलाय, डोक्याला काय जोडलंय आणि तो रेणू पटलाच्या (पेशीच्या पातळ आवरणाच्या) कोणत्या बाजूला आहे, एवढं कळलं की बहुतेक जीवशास्त्र तिथूनच उलगडतं.

आधी व्याख्या. तेला-तुपातलं ट्रायग्लिसराइड हे साधं लिपिड: ग्लिसरॉल आणि तीन मेदाम्लं. ते इंधन म्हणून साठवलं जातं. जटिल लिपिडात (शालेय पुस्तकांतले ‘संयुक्त मेद’) मेदाम्ल आणि अल्कोहोल यांच्या जोडीला तिसरा घटक असतो: फॉस्फेट, साखर किंवा नायट्रोजन असलेलं एखादं संयुग. या तिसऱ्या घटकामुळे रेणूला पाण्याशी जमवून घेणारं डोकं मिळतं आणि शेपट्या मात्र पाणी टाळत राहतात. कणा दोन प्रकारचा असतो, ग्लिसरॉलचा किंवा स्फिंगोसिनचा. पुढचं सगळं वैविध्य या दोन कण्यांवरच उभं आहे.

ग्लिसरॉलच्या तीन कार्बनना एसएन-१, एसएन-२, एसएन-३ असे क्रमांक देतात. हे क्रमांक डाव्या-उजव्या बाजूने मनाला येईल तसे मोजायचे नसतात, कारण विकरं (एन्झाइम) हे तीन कार्बन काटेकोरपणे वेगळे ओळखतात. प्राणिपेशींत एसएन-१ वर बहुधा संपृक्त मेदाम्ल असतं, पामिटिक (१६:०, म्हणजे १६ कार्बन आणि शून्य दुहेरी बंध) किंवा स्टिअरिक (१८:०). एसएन-२ वर असंपृक्त: ओलेइक (१८:१), लिनोलेइक (१८:२), अ‍ॅराकिडोनिक (२०:४) किंवा डीएचए (२२:६). एसएन-३ वर फॉस्फेट. सिस प्रकारच्या दुहेरी बंधामुळे शेपटीला बाक येतो, आणि बाक आला की शेजारच्या शेपट्या दाटीने बसू शकत नाहीत. थंडीत खोबरेल तेल बाटलीत गोठतं आणि शेंगदाण्याचं तेल वाहतं राहतं, त्यामागे मुख्य कारण हेच आहे. पटलातही तेच घडतं. दोन्ही शेपट्या पामिटिक असलेलं फॉस्फॅटिडिलकोलीन ४१ अंश सेल्सिअसला वितळतं. त्यातली एसएन-२ ची शेपटी ओलेइक केली की वितळबिंदू शून्याच्या खाली, सुमारे उणे २ अंशांवर जातो. एका दुहेरी बंधाने चाळीस अंशांहून जास्त फरक पडतो. थंड पाण्यातले मासे आणि थंडीत वाढणारे जिवाणू आपल्या पटलात असंपृक्त मेदाम्लांचं प्रमाण वाढवतात ते यासाठीच.

डोकं आणि शेपट्या यांच्या जाडीचं प्रमाणही बघावं लागतं. फॉस्फॅटिडिलकोलीनचं (पीसी) डोकं आणि दोन शेपट्या साधारण सारख्या रुंदीच्या, म्हणून ते नळकांड्यासारखं असतं आणि सपाट दुपदर (लिपिडांचा दोन थरांचा पापुद्रा) सहज बनवतं. फॉस्फॅटिडिलएथॅनोलामीनचं (पीई) डोकं लहान आणि शेपट्या फाकलेल्या, म्हणजे पालथ्या नरसाळ्यासारखं. पटल जिथे वाकतं, तुटतं किंवा दुसऱ्या पटलाला मिळतं, तिथे ते उपयोगी पडतं. एक शेपटी गेलेलं लायसो-लिपिड भोवऱ्यासारखं दिसतं, वर रुंद आणि खाली निमुळतं. ते पटलात जास्त झालं तर दुपदर टिकत नाही, पेशी फुटते. नाग आणि घोणस यांच्या विषात फॉस्फोलिपेज ए२ असतं. ते नेमका एसएन-२ चा बंध तोडतं आणि लायसोलेसिथिन (पीसीचं एका शेपटीचं रूप) तयार करतं. विषाने पटलांची जी हानी होते, तिचा एक भाग या भोवऱ्यांचा असतो.

हेच विकर आपल्या पेशींतही आहे, पण आवरून ठेवलेलं. एसएन-२ वर अ‍ॅराकिडोनिक आम्ल ठेवण्यात पेशीची सोय दिसते. गरज पडली की फॉस्फोलिपेज ए२ ते मोकळं करतं आणि त्यापासून प्रोस्टाग्लँडिनं तयार होतात. अ‍ॅस्पिरिन या साखळीतलं पुढचं विकर, सायक्लोऑक्सिजनेज, बंद पाडतं. म्हणजे दाह सुरू करणारा माल पटलाच्या भिंतीतच, ठरलेल्या खणात ठेवलेला असतो.

आता डोक्यांकडे वळू.

पीसी म्हणजे लेसिथिन. गोब्ले या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ते अंड्याच्या बलकात शोधलं. नाव बलकासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलं. चॉकलेट-बिस्किटांच्या वेष्टनावर ‘आयएनएस ३२२’ लिहिलेलं असतं ते याच नावाने विकलं जाणारं फॉस्फोलिपिडांचं मिश्रण, बहुधा सोयाबीनचं. पेशी ते मुख्यतः केनेडी मार्गाने बनवते: कोलीनला फॉस्फेट लागतं, मग एटीपीसारख्याच सीटीपी या रेणूच्या मदतीने सीडीपी-कोलीन होतं आणि ते डायग्लिसराइडला जोडलं जातं. इथे सीटीपी लागतं हे कळलं ते अशुद्धीमुळे. केनेडींच्या प्रयोगात अशुद्ध एटीपी वापरलं की क्रिया व्हायची, शुद्ध स्फटिकी एटीपीने व्हायची नाही. अशुद्ध नमुन्यात मिसळलेलं सीटीपी खरं काम करत होतं. यकृताला पीसी कमी पडलं तर चरबी बाहेर वाहून नेणारे व्हीएलडीएल कण नीट बांधले जात नाहीत आणि चरबी यकृतातच साचते. कोलीनच्या कमतरतेत यकृत मेदाळ होण्याचं एक कारण हे आहे.

पीसीचं सर्वांत नाट्यमय काम फुप्फुसात दिसतं. वायुकोशांच्या आतल्या पाण्याच्या थराला पृष्ठताण असतो आणि तो लहान कोशांना मिटवू पाहतो. तिथे दोन्ही शेपट्या पामिटिक असलेलं पीसी (डीपीपीसी) लागतं. शरीराचं तापमान ३७ अंश, म्हणजे त्याच्या वितळबिंदूच्या खाली. त्यामुळे श्वास सोडताना पृष्ठभाग आकसला की हे रेणू घट्ट रचले जातात आणि पृष्ठताण शून्याजवळ येतो. पण हाच ताठपणा श्वास घेताना आड येतो, कारण शुद्ध डीपीपीसी झटकन पसरत नाही. म्हणून पृष्ठताण कमी करणाऱ्या या मिश्रणात, म्हणजे सरफॅक्टंटमध्ये, असंपृक्त पीसी, फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल आणि एसपी-बी, एसपी-सी ही प्रथिनंही असतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास का घेता येत नाही याचं कारण सरफॅक्टंटचा अभाव आहे, हे एव्हरी आणि मीड यांनी १९५९ साली दाखवलं. मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता असताना आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात ते बाळाच्या फुप्फुसात हे उत्पादन लवकर सुरू व्हावं म्हणून. पूर्वी गर्भजलात लेसिथिन आणि स्फिंगोमायेलिन यांचं गुणोत्तर मोजत. २ किंवा जास्त आलं तर फुप्फुस तयार समजत. या चाचणीतली हुशारी अशी की स्फिंगोमायेलिन शेवटच्या महिन्यांत फारसं बदलत नाही, त्यामुळे गर्भजल कमी-जास्त असलं तरी तुलनेला माप तयार असतं. नमुन्यात रक्त किंवा मेकोनियम (बाळाची पहिली शी) मिसळलं की मात्र आकडा फसवतो, कारण रक्तात ही दोन्ही लिपिडं आहेत.

फॉस्फॅटिडिलसेरीन (पीएस) हे बाजूचं महत्त्व शिकवणारं लिपिड. तांबड्या पेशीच्या बाहेरच्या थरात पीसी आणि स्फिंगोमायेलिन जास्त असतं, आतल्या थरात पीई आणि जवळजवळ सगळं पीएस. आपल्याच थरात आडवं सरकायला लिपिडाला वेळ लागत नाही. जिवाणूच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ते सेकंद-दोन सेकंदांत पोचतं. पण डोकं शेपट्यांच्या थरातून ओढून दुसऱ्या बाजूला उलटायला त्याला एकट्याने तास किंवा दिवस लागतात. म्हणून पेशी एटीपी खर्च करून फ्लिपेजेस नावाची प्रथिनं चालवते, आणि ती पीएसला आत परत आणतात. हे पीएस बाहेर दिसलं की त्याचे दोन अर्थ असू शकतात. मरणाऱ्या पेशीवर दिसलं तर भक्षक पेशी तिला गिळतात. सक्रिय झालेल्या प्लेटलेटवर दिसलं तर कॅल्शियमच्या साहाय्याने गोठणघटक तिथे चिकटतात आणि रक्ताची गुठळी तिथेच होते. प्लेटलेटमधलं टीएमईएम१६एफ हे स्क्रॅम्बलेज (दोन थरांतली लिपिडं मिसळणारं प्रथिन) बिघडलं तर पीएस बाहेर येत नाही आणि रक्तस्रावाचा स्कॉट सिंड्रोम होतो.

अ‍ॅनेक्सिन व्ही हे पीएसला चिकटणारं प्रथिन वापरून पेशीमृत्यू मोजणाऱ्यांनी दोन चुका टाळाव्यात. अ‍ॅनेक्सिन कॅल्शियमशिवाय पीएसला चिकटत नाही, म्हणून बफरमध्ये साधारण २.५ मिलिमोलर कॅल्शियम हवं; कॅल्शियम धरून ठेवणारं ईडीटीए राहून गेलं तर सगळ्या पेशी जिवंत दिसतील. आणि पटल फाटलेल्या पेशीत अ‍ॅनेक्सिन आत शिरून आतल्या पीएसला चिकटतं, म्हणून प्रोपिडियम आयोडाइडसारखं दुसरं रंजक सोबत हवंच. त्याने रंगलेल्या पेशी पेशीमृत्यूच्या सुरुवातीच्या टप्प्यात मोजायच्या नाहीत.

घोणशीच्या विषाचा एक उपयोग इथेच येतो. ते गोठणघटक दहाला थेट सक्रिय करतं आणि पुढची क्रिया फॉस्फोलिपिडाच्या पृष्ठभागावर होते. विरल विष आणि मुद्दाम कमी ठेवलेलं फॉस्फोलिपिड घातलं, आणि रुग्णाच्या प्लाझ्मात फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडं असली, तर नळीत गोठायला उशीर होतो. जास्तीचं फॉस्फोलिपिड घातलं की वेळ पुन्हा सुधारते. याला डीआरव्हीव्हीटी (घोणशीच्या विरल विषाने गोठण्याचा वेळ) म्हणतात. नळीत गोठायला उशीर, पण त्याच रुग्णाच्या शरीरात मात्र गुठळ्या आणि वारंवार गर्भपात, हे विद्यार्थ्यांना उलटं वाटतं. पटलावर बसलेल्या बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडं शरीरात पेशींना चेतवतात, नळीत मात्र फक्त पृष्ठभाग अडवतात. चाचणी चुकते ती बहुधा नमुना तयार करताना. प्लाझ्मा दोनदा सेंट्रिफ्यूज करून प्लेटलेट मायक्रोलिटरला १०,००० च्या खाली आणावे लागतात. तसं न करता गोठवून ठेवलं तर वितळताना प्लेटलेट फुटतात, त्यांचं फॉस्फोलिपिड प्रतिपिंडांना शोषून घेतं आणि अहवाल खोटा निगेटिव्ह येतो. पॉझिटिव्ह आलं तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय निदान करत नाहीत.

कार्डिओलिपिन म्हणजे दोन फॉस्फॅटिडिल गट एका ग्लिसरॉलने जोडलेला रेणू, चार शेपट्यांचा. त्याची जागा मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलात. जिवाणूंच्या पटलातही ते भरपूर आढळतं, आणि मायटोकॉन्ड्रियाचं मूळ जिवाणूत आहे हे आठवलं की त्याचं नवल वाटत नाही. हृदयाच्या स्नायूत चारही शेपट्या बहुधा लिनोलेइक असतात. श्वसनसाखळीचे समूह एकत्र धरायला आणि क्रिस्टींच्या (आतल्या पटलाच्या घड्यांच्या) वळणांना ते लागतं. सायटोक्रोम-सी त्याच्यावरच टेकलेलं असतं. कार्डिओलिपिनाचं ऑक्सिडीकरण झालं की सायटोक्रोम-सी सुटतं आणि पेशीमृत्यूची साखळी सुरू होऊ शकते. टॅफाझिन या एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात दोष असला की सुरुवातीच्या शेपट्या काढून लिनोलेइक बसवण्याची अदलाबदल होत नाही, तीन शेपट्यांचं मोनोलायसोकार्डिओलिपिन साचतं आणि मुलग्यांमध्ये हृदय व स्नायू दुबळे करणारा बार्थ सिंड्रोम होतो. एक शेपटी योग्य नसण्याची एवढी किंमत.

बैलाच्या हृदयातून हे लिपिड मेरी पँगबॉर्न यांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला वेगळं केलं, आणि ते सिफिलिसच्या व्हीडीआरएल चाचणीचा आधार ठरलं. तिच्या अँटिजेनमध्ये कार्डिओलिपिन, लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल असतं. प्रतिपिंड लिपिडाविरुद्ध असल्यामुळे कुष्ठरोग, मलेरिया, गर्भारपण आणि वर सांगितलेला फॉस्फोलिपिडविरोधी विकार यांतही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून टीपीएचए या सिफिलिसच्या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडं शोधणाऱ्या चाचणीने खात्री करावी लागते. उलट, प्रतिपिंडं फारच जास्त असली तर न पातळ केलेला सीरम निगेटिव्ह दिसतो. संशय असेल तर सीरम पातळ करून पुन्हा लावावा.

फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल प्रमाणाने थोडं, पण निरोप पोचवण्यात पुढे. त्याच्या साखरेसारख्या वलयावर ठरावीक जागी फॉस्फेट लावले की पीआयपी२ होतं. संप्रेरकाचा इशारा मिळताच फॉस्फोलिपेज सी ते तोडतं. आयपी३ पाण्यात सुटून कॅल्शियम मोकळं करतं, डायग्लिसराइड पटलातच राहून प्रोटीन कायनेज सी ला जागं करतं. एका घावात दोन निरोप, एक पेशीद्रव्यात आणि एक पटलात. त्याच वलयाच्या तिसऱ्या जागी फॉस्फेट लागला की पीआयपी३ होतं, पेशीला वाढीचा आणि तगण्याचा संदेश जातो; पीटीईएन हे विकर तो फॉस्फेट काढतं, आणि अनेक कर्करोगांत हेच पीटीईएन हरवलेलं असतं.

दुसरा कणा स्फिंगोसिनचा. थुडिकम यांनी १८८४ मध्ये मेंदूच्या रसायनाचा अभ्यास मांडताना स्फिंक्सच्या कोड्यांवरून हे नाव दिलं. सेरीन आणि पामिटॉइल-सीओए यांपासून तो तयार होतो: अठरा कार्बन, एक अमिनो गट, दोन हायड्रॉक्सिल आणि चौथ्या कार्बनवर ट्रान्स दुहेरी बंध. मेदाम्ल इथे एस्टरने न जोडता अमाइड बंधाने जोडलेलं असतं. त्याला सिरॅमाइड म्हणतात. ट्रान्स बंधामुळे बाक नाही, शेपट्या सरळ, आणि अमाइड व हायड्रॉक्सिल शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंध करतात. म्हणून स्फिंगोलिपिडं पटलात दाट, ताठ आणि कोलेस्टेरॉलच्या सोबतीने बसतात. ‘लिपिड राफ्ट’, म्हणजे पटलात तरंगणारे असे दाट तराफे, ही कल्पना इथून आली. ती टाकाऊ नाही, पण ४ अंशांवर ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घालून जे विरघळलं नाही ते राफ्ट, असं मानणं चुकीचं आहे. थंडी आणि डिटर्जंट मिळून तसे गठ्ठे नव्याने तयार करू शकतात.

सिरॅमाइडवर फॉस्फोकोलीन बसलं की स्फिंगोमायेलिन, एक साखर बसली की सेरेब्रोसाइड, साखरांची साखळी आणि सायलिक आम्ल बसलं की गँग्लिओसाइड. जीएम१ या नावात ‘जी’ म्हणजे गँग्लिओ, ‘एम’ म्हणजे एक सायलिक आम्ल (दोन असले तर ‘डी’, तीन तर ‘टी’), आणि आकडा म्हणजे पाचातून तटस्थ साखरा वजा. जीएम१ मध्ये चार साखरा, जीएम२ मध्ये तीन, जीएम३ मध्ये दोन. स्वेनरहोल्म यांची ही पद्धत एकदा समजली की पाठांतर लागत नाही.

या साखरा पेशीच्या बाहेरच्या बाजूलाच असतात, त्यामुळे त्या ओळखपत्राचं काम करतात. रक्तगटांचे ए आणि बी प्रतिजन काही प्रथिनांवर आणि काही स्फिंगोलिपिडांवर असतात. आधी एका साखरेवर फ्यूकोज बसतं तेव्हा एच प्रतिजन होतो. त्यावर एन-अ‍ॅसिटिलगॅलॅक्टोसामीन आलं की ए, गॅलॅक्टोज आलं की बी. फ्यूकोज लावणारं विकरच नसेल तर एच नाही, मग ए-बी जनुकं असूनही दोन्ही नाहीत. हाच बॉम्बे रक्तगट. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईतून १९५२ मध्ये तो नोंदवला. रक्तपेढीत धोका असा की फक्त पेशी तपासल्या तर हा गट ‘ओ’ दिसतो. त्याच्या सीरममध्ये एचविरोधी प्रतिपिंड असतं आणि ‘ओ’ पेशींवर एच भरपूर असतो, म्हणून ‘ओ’ रक्त दिलं तर जिवावर बेतू शकतं. सीरमच्या उलट तपासणीत ए आणि बी पेशींच्या बरोबर ‘ओ’ पेशीही ठेवल्या तर त्या गोळा होतात आणि लगेच संशय येतो. युलेक्स लेक्टिन या एचविरोधी अभिकर्मकाने त्याची खात्री होते.

जीएम१ वर मात्र कॉलऱ्याचं विष येऊन बसतं. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये जिवाणूविरहित गाळणातून सशाच्या आतड्यात पाणी भरतं हे दाखवलं आणि कॉलरा हा विषाचा आजार ठरला. त्या विषाचे पाच बी भाग जीएम१ ला धरतात, ए भाग आत जाऊन जीएस प्रथिन चालूच्या स्थितीत अडकवतो, सायक्लिक एएमपी वाढतं आणि क्लोराइडबरोबर पाणी आतड्यात वाहतं. कॉलऱ्याचा जिवाणू सोबत न्यूरॅमिनिडेजही सोडतो. ते जास्त सायलिक आम्ल असलेल्या गँग्लिओसाइडांची वरची सायलिक आम्लं कापून त्यांचं जीएम१ करतं. जीएम१ चं स्वतःचं आतलं सायलिक आम्ल त्याला सहज तुटत नाही. आपल्या विषाला बसायला जागा जिवाणू स्वतःच वाढवतो.

ही लिपिडं लायसोसोममध्ये (पेशीतल्या मोडतोडीच्या पिशवीत) एकेक साखर काढत मोडली जातात, आणि प्रत्येक पायरीला वेगळं विकर आहे. पायरी अडली की त्याच्या आधीचा माल साचतो. हेक्सोसॅमिनिडेज ए नसलं तर जीएम२ साचून टे-सॅक्स, ग्लुकोसेरेब्रोसिडेज नसलं तर गोशे, स्फिंगोमायेलिनेज नसलं तर नीमान-पिक ए व बी, आरिलसल्फटेज ए नसलं तर मायेलिनमध्ये सल्फेटाइड साचून मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी. तक्ता पाठ करण्यापेक्षा जीएम१ पासून सिरॅमाइडपर्यंतची साखळी काढा आणि प्रत्येक बाणावर रोग लिहा. गोशेमध्ये बाहेरून दिलेलं विकर काम करतं, कारण त्याच्या साखरांच्या टोकाला मॅनोज उघडं ठेवलेलं असतं आणि माल साचलेल्या मॅक्रोफेज पेशी ते धरून आत घेतात. पण रक्तातलं विकर मेंदूत पोचत नाही, म्हणून मज्जासंस्थेचा गोशे त्याने बरा होत नाही.

प्रयोगशाळेतलं काम

दुपदराचा पुरावाच मुळात चुकत-चुकत मिळाला. १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या पेशींची लिपिडं पाण्यावर पसरून क्षेत्र मोजलं आणि ते पेशीच्या पृष्ठभागाच्या दुप्पट आलं. त्यांनी अ‍ॅसिटोन वापरलं होतं, त्यात सगळं लिपिड निघत नाही. पेशीचं क्षेत्रफळही त्यांनी कमी धरलं होतं. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळलं. आपल्या हातून तसं होईल यावर विसंबू नये.

फोल्च पद्धतीत (१९५७) १ ग्रॅम ऊतीला २० मिली क्लोरोफॉर्म-मेथॅनॉल २:१ घेऊन घुसळतात, गाळतात, आणि गाळणाच्या पाचव्या हिश्शाएवढं, म्हणजे सुमारे ४ मिली, ०.९ टक्के मिठाचं पाणी घालतात. थर वेगळे झाले की खालच्या क्लोरोफॉर्ममध्ये लिपिडं असतात. मीठ विसरलं तर आम्लधर्मी लिपिडं काही प्रमाणात वर निसटतात आणि मधला पायस (इमल्शन) फुटत नाही. गँग्लिओसाइडं तर नेहमीच वरच्या, पाण्याच्या थरात जातात. मेंदूवर काम करताना तो थर ओतून दिला तर नेमकं हवं तेच गटारात गेलं. पेशींच्या द्रवासाठी ब्लाय-डायर (१९५९) बरी: ०.८ मिली नमुन्याला १ मिली क्लोरोफॉर्म आणि २ मिली मेथॅनॉल, सगळं एकजीव राहिलं पाहिजे. मग आणखी १ मिली क्लोरोफॉर्म आणि १ मिली पाणी घालून थर पाडायचे. पहिल्या टप्प्यात थर पडले तर प्रमाण चुकलंय असं समजा. चरबीने भरलेल्या ऊतीला ही पद्धत अपुरी पडते, कारण तिच्यात क्लोरोफॉर्म कमी असतो.

पीआयपी२ साध्या पद्धतीने निघत नाही, प्रथिनांना चिकटून राहतं. त्यासाठी विद्रावकात हायड्रोक्लोरिक आम्ल लागतं. पण प्लाझ्मालोजेन नावाच्या लिपिडांत एसएन-१ वर व्हिनाइल ईथर बंध असतो आणि तो आम्लाने लगेच तुटतो. हृदय आणि मेंदूत ती भरपूर असतात. त्यामुळे एकाच अर्कातून दोन्ही मोजायचा हट्ट धरू नये, दोन नमुने घ्यावेत.

वनस्पतींत अडचण वेगळी. पान किंवा कोबी चिरताच फॉस्फोलिपेज डी कामाला लागतं आणि पीसीचं फॉस्फॅटिडिक आम्ल करतं. मेथॅनॉल असेल तर फॉस्फॅटिडिलमेथॅनॉलही तयार होतं, जे पानात मुळात नसतं. म्हणून ऊती आधी ७५ अंशांच्या आयसोप्रोपॅनॉलमध्ये टाकतात. अर्कात फॉस्फॅटिडिक आम्ल अनपेक्षित जास्त दिसलं तर आधी विकराचा संशय घ्या, निसर्गाचा नंतर.

भांडी काचेची, झाकणाला टेफ्लॉन. प्लॅस्टिकच्या नळीत क्लोरोफॉर्म घातलं तर प्लॅस्टिसायझर विरघळून येतो आणि वस्तुमान-वर्णपटात मोठी खोटी शिखरं दिसतात. ०.०१ टक्के बीएचटी (ऑक्सिडीकरण रोखणारं संयुग) घालावं, नायट्रोजनच्या झोताखाली सुकवावं, पूर्ण कोरडं करून उघडं ठेवू नये, क्लोरोफॉर्ममध्ये उणे २० अंशांखाली साठवावं.

पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीला सिलिका पट्टी ११० अंशांवर अर्धा ते एक तास तापवून घ्यायची. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे टाळलं तर सिलिका ओलावा पिते आणि ठिपक्यांच्या जागा रोज बदलतात. क्लोरोफॉर्म-मेथॅनॉल-पाणी ६५:२५:४ या मिश्रणात सगळ्यात वर तटस्थ लिपिडं, मग पीई, पीसी, स्फिंगोमायेलिन आणि सर्वांत खाली लायसो-पीसी. आयोडीनच्या वाफेने बहुतेक ठिपके दिसतात आणि रंग उडून जातो, म्हणून ते आधी. निनहायड्रिनने फक्त पीई आणि पीएस, मोलिब्डेनम ब्ल्यूने फॉस्फेट असलेली सगळी, ऑर्सिनॉलने साखरेची. फक्त स्फिंगोलिपिडं हवी असतील तर ०.१ नॉर्मल मेथॅनॉलिक सोडा ३७ अंशांवर तासभर. एस्टर बंध तुटतात, अमाइड बंध टिकतो. दोन कण्यांतला फरक इथे हाताने अनुभवता येतो.

एकूण फॉस्फोलिपिड मोजायला फॉस्फरस मोजून त्याला २५ ने गुणतात, कारण ३१ वजनाचा एक फॉस्फरस सुमारे ७७५ वजनाच्या रेणूत असतो. नमुना पर्क्लोरिक आम्लात जाळावा लागतो. त्याआधी क्लोरोफॉर्म-मेथॅनॉलचा शेवटचा थेंबही उडालेला असलाच पाहिजे. सेंद्रिय विद्रावक आणि गरम पर्क्लोरिक आम्ल एकत्र आले तर स्फोट होतो. हे काम त्यासाठीच बनवलेल्या धूरकपाटातच करायचं, घाईच्या दिवशी अजिबात नाही. नमुन्यात फॉस्फेट बफर राहिला असेल तर मोजमाप फुकट.

मास स्पेक्ट्रोमीटरवर पीसी आणि स्फिंगोमायेलिन दोघेही १८४ चा तुकडा देतात, कारण दोघांचं डोकं फॉस्फोकोलीन. त्यांना वेगळं करायला नायट्रोजन मोजा: पीसीमध्ये एक, म्हणून प्रोटॉन लागलेला आयन सम आकड्यावर (पामिटिक-ओलेइकसाठी ७६०.६), स्फिंगोमायेलिनमध्ये दोन, म्हणून विषम आकड्यावर (पामिटिकसाठी ७०३.६). मात्र ७५८.६ च्या पीसीतले दोन कार्बन-१३ असलेले रेणू ७६०.६ वरच येतात, तेवढी वजाबाकी करावी लागते.

आणि अहवाल लिहिताना जेवढं माहीत आहे तेवढंच लिहा. ‘पीसी ३४:१’ म्हणजे दोन शेपट्यांत मिळून ३४ कार्बन आणि एक दुहेरी बंध, एवढंच कळलंय. ‘पीसी १६:०_१८:१’ म्हणजे दोन्ही शेपट्या कळल्या, पण कोणती कुठे बसलीय ते नाही. तिरकी रेघ घालून ‘पीसी १६:०/१८:१’ लिहायचं ते एसएन-१ आणि एसएन-२ च्या जागा फॉस्फोलिपेज ए२ ने किंवा तशा दुसऱ्या पद्धतीने तपासल्यावरच. बहुतेक उपकरणांची सॉफ्टवेअर ही तिरकी रेघ न विचारता छापतात. शोधनिबंधात पाठवण्याआधी ती पुसून खालची रेघ घाला.